एक किलो चरबी, ११५ किलोमीटर

वजन उतरवण्यासाठी पळायचे ही कल्पना फार जुनी नाही. १९६०च्या सुमारापर्यंत पळत ते खेळाडू, सैनिक, शाळेतली पोरे आणि सुटत्या एसटीमागचे प्रवासी. पोट सुटलेला चाळिशीचा गृहस्थ, मागे कुत्रेही लागलेले नसताना, रस्त्याने पळतो आहे हे दृश्य कुठल्याही देशात लोकांनी वळून पाहावे असेच होते.

ही कल्पना रुजली न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या तालमीतल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. लिडियार्ड यांनी मग अंगाने सुटलेल्या मध्यमवयीन माणसांनाही पळायला लावले. अट एकच होती, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचे. १९६२मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. पन्नाशी ओलांडलेले हे नामांकित प्रशिक्षक त्या हौशी मंडळींबरोबर निघाले आणि मागे पडले. सत्तरी उलटलेला एक सदस्य केवळ त्यांच्या सोबतीसाठी वेग कमी करून थांबला. घरी परतल्यावर बॉवरमन यांनी गावकऱ्यांसाठी वर्ग सुरू केले आणि १९६७मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. १९७७मध्ये जिम फिक्स यांच्या ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ने तर खपाचे विक्रम केले. फिक्स स्वतः पस्तिशीत सुमारे ९७ किलोंचे होते आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे ओढत. पळायला लागल्यावर त्यांची सिगारेट सुटली आणि जवळजवळ २७ किलो वजन उतरले. पळा आणि बारीक व्हा, या समजुतीला याहून चांगली जाहिरात मिळाली नसती.

समजूत खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी हिशेबात आहे, आणि हा हिशेब तोंडी करता येतो.

इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६३मध्ये पळण्याला लागणाऱ्या ऊर्जेची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरात आहे. सपाट जमिनीवर पळताना शरीराच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. (आहाराच्या बोलण्यात जिला कॅलरी म्हणतात ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी, इथेही तोच बोलीतला अर्थ आहे.) यात वेगाला जवळजवळ स्थानच नाही. पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत काटले काय आणि चाळीस मिनिटांत काटले काय, खर्च जवळपास सारखाच येतो. वेगाने पळणाऱ्याचा दर मिनिटाचा खर्च जास्त असतो, पण त्याची मिनिटे कमी असतात.

आता ७५ किलो वजनाचा माणूस घेऊ. पाच किलोमीटर पळाला की खर्च झाला ३७५ कॅलरी. पण तेवढा वेळ तो खुर्चीत बसून राहिला असता तरी श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब यांवर चाळीसेक कॅलरी गेल्याच असत्या. त्या वजा केल्या की पळण्याची निव्वळ कमाई ३३५च्या आसपास उरते. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांनी १९५८मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. भागाकार केला तर उत्तर येते २३. म्हणजे एक किलो चरबी जाळायला पाच-पाच किलोमीटरच्या २३ फेऱ्या, एकूण ११५ किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला पळत गेल्यासारखेच. आठवड्यातून तीनदा पळणाऱ्याला यासाठी जवळजवळ आठ आठवडे लागतात, आणि तेही ताटातले एक शितही वाढले नाही तर.

मॅरेथॉनलाही हाच हिशेब लावता येतो. मुंबईत २००४मध्ये सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करणारा ७५ किलोंचा धावक सुमारे ३,१६५ कॅलरी खर्च करतो. ती सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असे मानले (प्रत्यक्षात तसे होत नाही) तरी चरबी घटते जेमतेम ४१० ग्रॅम. शर्यत संपल्यावर वजनकाटा दोन किलो उतरलेला दिसतो तो घामामुळे. लिटरभर घाम म्हणजे एक किलो वजन, आणि ते पाण्याच्या दोन-चार बाटल्यांबरोबर परत येते. प्लास्टिकचे जाकीट घालून घामाघूम होत पळणारे आणि पोटाला रबरी पट्टा बांधणारे लोक याच पाण्याला चरबी समजतात. मुंबईच्या दमट हवेत असा प्रयोग धोक्याचाही आहे. घाम वाळत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि माणूस चक्कर येऊन पडतो.

मग जळलेली चरबी शरीराबाहेर जाते कुठून? ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हा प्रश्न दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-प्रशिक्षकांना विचारला. ‘तिची ऊर्जा होते, उष्णता होते’ असे उत्तर देणारे निम्म्याहून जास्त निघाले. ते चूक आहे, कारण वस्तुमान असे हवेत विरून जात नाही. दोघांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार १० किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडावाटे जाते. यावरून कुणी नुसतेच जोरजोरात श्वास घ्यायला लागेल, तर त्याला भोवळ येईल, वजन तसेच राहील. शरीराने ऊर्जा खर्च केल्याखेरीज तो कार्बन सुटा होत नाही.

चालणे आणि पळणे यांत फरक वेगाचा आहे असे वाटते, पण तो यंत्रणेचा आहे. चालताना एक पाऊल नेहमी जमिनीवर असते आणि ताठ पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पुढे झुलते, त्यात बरीचशी ऊर्जा वाचते. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि प्रत्येक पावलाला सगळे अंग वर उचलून पुन्हा झेलावे लागते. टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी ताणून काही ऊर्जा परत देते, सगळी नाही. त्यामुळे साध्या चालण्यात किलोमीटरमागे पळण्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश ऊर्जाच लागते. मात्र ताशी सात-आठ किलोमीटरच्या वेगाने चालायला गेले की लंबकाचा फायदा संपतो आणि पाय आपोआप पळू लागतात. तासाभराचे चालण्याचे काम पळून अर्ध्या वेळात होते. नोकरदार माणसाला पळण्याचे आकर्षण वाटते ते यामुळे, आणि ते रास्त आहे.

व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर ‘फॅट बर्न’ असा एक पट्टा रंगवलेला असतो. सावकाश पळताना इंधनातला चरबीचा वाटा जास्त असतो आणि जोरात पळताना साखरेचा, एवढे त्यात खरे आहे. पण शरीर आपला ताळेबंद दिवसाच्या अखेरीला मांडते. सकाळी साखर जास्त जळली तर उरलेल्या दिवसात चरबी जास्त वापरली जाते आणि फरक भरून निघतो. रिकाम्या पोटी पळल्याने वजन जास्त उतरते या समजुतीचेही तेच. पळून झाल्यावरही शरीर काही काळ जास्त ऊर्जा खर्च करत राहते हे खरे, पण तो खर्च पळण्याच्या खर्चाच्या १५ टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. पाच किलोमीटरनंतर मिळणारा हा बोनस फार तर एका पोळीइतका.

इथपर्यंत वजाबाकी झाली. हिशेब बिघडतो तो बेरजेत. पुण्यात रविवारी सकाळी टेकडी उतरून येणारे पळणाऱ्यांचे घोळके कुठे थांबतात हे पाहिले की आहारशास्त्राचे पुस्तक उघडायची गरज उरत नाही. मिसळ, दोन पाव, वर एक कटोरी तर्री, मग गोड चहा, आणि ‘आज दहा झाले’ म्हणून पुन्हा एक चहा. एका वडापावात सुमारे तीनशे कॅलरी असतात. तो खायला चार मिनिटे लागतात आणि तेवढ्या कॅलरी जाळायला अर्धा तास. जोरात पळाल्यावर तासभर भूक दबून राहते, कारण भूक चेतवणारे संप्रेरक तेवढा वेळ कमी होते. पण दुपारी आणि रात्री ती सव्याज वसुली करते. भुकेपेक्षाही घातक असतो तो हक्क. ‘आज पळून आलोय, एक गुलाबजाम चालेल’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, त्या घरातला वजनकाटा हलत नाही. शिवाय सकाळी पळालेला माणूस दिवसभर कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो, संध्याकाळी सोफ्यावर लवंडतो. ही बचत त्याच्या ध्यानातही येत नाही.

शरीर स्वतःही काटकसर करते, असा एक विचार अलीकडे पुढे आला आहे. टांझानियातील हाडझा हे लोक आजही शिकार करून आणि कंदमुळे खणून जगतात. त्यांचे पुरुष दिवसाला साधारण ११ किलोमीटर चालतात. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेले पाणी प्यायला देऊन त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च मोजला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. शरीराचा आकार जमेस धरला तर हाडझांचा खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच भरला. हालचाल खूप वाढली की शरीर इतर कामांवरचा खर्च आवरते आणि एकूण आकडा एका मर्यादेत ठेवते, असे पॉन्टझर यांचे म्हणणे आहे. यावर वाद आहेत आणि सगळ्यांनी ते स्वीकारलेले नाही. पण रोज पळूनही अपेक्षेइतके वजन न उतरलेल्यांना ते पटते.

म्हणूनच केवळ पळण्याने, आहार न बदलता, सर्वसाधारण माणसाचे वजन काही महिन्यांत दोन-तीन किलो उतरते. कुणाचे त्याहून जास्त, कुणाचे मुळीच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९मध्ये सांगितले ते याच अर्थाचे आहे. आठवड्याला १५० ते २५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने वजनात माफक घट होते; डोळ्यांत भरेल अशी घट हवी असेल तर २५० मिनिटांच्या पुढे जावे लागते. आणि घट एका सरळ रेषेत होत नाही. ८५ किलोंच्या माणसाला पाच किलोमीटरला ४२५ कॅलरी लागत होत्या. तो ७५ किलोंवर आला की त्याच अंतराला ३७५ लागतात. शरीर हलके होते तसे पळणे स्वस्त होते. तीन-चार महिन्यांनी काटा अडतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण बूट कपाटात टाकतात.

काट्यावर इतका भरवसा ठेवणे भारतीय माणसाला तर मुळीच परवडणारे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी जानेवारी २००४च्या ‘लॅन्सेट’मध्ये आपला स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही उत्तम. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. फोटोखाली त्यांनी कारणाचाही मिस्कील इशारा दिला होता: युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत जाऊन ते गाठणे. अर्थात सगळा फरक पळण्याचा नव्हे. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे याज्ञिक यांच्या गटाने मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांहून कितीतरी हलकी असूनही, स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून, अशी आढळली. हातपाय काडीसारखे आणि मध्ये गोल पोट, हा आपल्याकडचा ओळखीचा बांधा बराचसा जन्माआधीच ठरलेला असतो.

हे पोट घातक का, तर त्यातली चरबी नुसती कातडीखाली नसून आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साचलेली असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात आणि इन्सुलिनचे काम बिघडवतात. पळण्याचा खरा फायदा इथे दिसतो. आतली ही चरबी व्यायामात रक्तात येणाऱ्या अॅड्रिनलिनला कातडीखालच्या चरबीपेक्षा लवकर प्रतिसाद देते आणि आधी वितळू लागते, वजन फारसे हलले नसले तरीही. पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जाते असे मात्र नाही. कुठली चरबी आधी वापरायची हे शरीर ठरवते, पोटाचा व्यायाम नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्याफिरण्याचा सल्ला पाळणाऱ्या गटात तीन वर्षांत ३९.३ टक्के लोकांना मधुमेह झाला, सल्ला न मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना. फायदा झालेल्या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट नव्हती.

त्यामुळे पळायला लागलेल्याने काट्याबरोबर शिंप्याची टेपही जवळ ठेवावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता घेर मोजायचा. भारतीय पुरुषाचा हा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८०च्या आत असावा असे आपल्याकडचे डॉक्टर मानतात. पँटचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण पँट ढेरीखाली बांधली जाते. वजन पाहायचे तर आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते किलोभर वाढलेलेही दिसते. पळू लागलेले स्नायू जास्त साखर साठवतात आणि साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरून ठेवतात.

सुरुवात कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण बहुतेकांचे पळणे पहिल्या तीन मिनिटांतच संपते. माणूस निघतो तो शाळेत पळायचा त्या वेगाने. स्नायूंना लगेच ऑक्सिजन हवा असतो, पण हृदय आणि फुप्फुसे वेग धरायला दोन-तीन मिनिटे घेतात. तोवर स्नायू जवळच्या शिल्लक इंधनावर काम भागवतात. तिसऱ्या विजेच्या खांबापाशी छाती भात्यासारखी हलू लागते, बरगडीखाली कळ येते, आणि ‘आपल्याला नाही जमायचे’ असा निकाल तिथेच लागतो. वास्तविक आणखी दोन मिनिटे सावकाश काढली असती तर श्वास लयीत आला असता. यावर उपाय म्हणजे वेग लाज वाटेल इतका कमी ठेवणे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता आले तर वेग फार कमी आहे आणि दोनच शब्द फुटत असतील तर फार जास्त.

अमेरिकेचे ऑलिंपिक धावक जेफ गॅलोवे यांनी थोडे पळणे, थोडे चालणे अशी पद्धत लोकप्रिय केली. १९९६मध्ये जॉश क्लार्क या तरुणाने आपल्या आईला पळायला लावण्यासाठी अशीच नऊ आठवड्यांची आखणी केली, ती पुढे जगभर पसरली. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे, मग साठ सेकंद पळायचे, नव्वद सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस. नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटे. मध्यमवयीन आणि वजनदार माणसाने हीच आखणी नऊऐवजी सोळा आठवड्यांत केली तरी बिघडत नाही. ज्याचे वजन फारच जास्त आहे त्याने आधी दोन-तीन महिने नुसते भरभर चालावे.

घाई न करण्याचे कारण पायांत आहे. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पडतो आणि किलोमीटरमागे हजाराहून जास्त पावले पडतात. ९० किलोंच्या माणसाने पाच किलोमीटर पळायचे म्हणजे दोनशे किलोंच्या आसपासचा दणका सहा-एक हजार वेळा सोसायचा. हृदय आणि फुप्फुसे तीन-चार आठवड्यांत सरावतात. स्नायुबंध, अस्थिबंध आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि मग नडगी दुखायला लागते किंवा सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताना टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. त्यावर बर्फ आणि आराम हाच मुख्य उपचार. लांब ढांगा टाकण्याऐवजी लहान आणि भरभर पावले टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. काँक्रीटपेक्षा डांबर बरे आणि डांबरापेक्षा मातीची वाट. बुटाचा तळ ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतो, वरून तो कितीही नवा दिसत असला तरी. गुडघे झिजतील ही भीती मात्र बरीचशी निराधार आहे. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यांची झीज हौशी धावकांपैकी ३.५ टक्क्यांमध्ये आढळली आणि बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्क्यांमध्ये.

हृदयाची गोष्ट वेगळी. जिम फिक्स २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमधल्या एका रस्त्यावर पळता पळता कोसळले आणि गेले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते आणि शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. पळण्याचे टीकाकार आजही हे उदाहरण देतात. पण फिक्स यांच्या वडिलांना पहिला हृदयविकाराचा झटका पस्तिसाव्या वर्षी आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. मुलगा त्यांच्याहून नऊ वर्षे जास्त जगला. पळण्याने वजन उतरते, पण रक्तवाहिनीत आधी साचलेले सगळे धुऊन निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरात कमी वयात हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असेल, आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. पळताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब जाणवला तर तो गॅसचा असेल असे समजून पुढे पळू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर पळताना एकदम खाली येऊ शकते. त्यांनी खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

आहाराला हात न लावता पळणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. इथे फार मोठ्या पथ्याची गरज नसते. दोन चमचे साखरेचे चार चहा बिनसाखरेचे केले तर दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरी वाचतात, जवळजवळ दोन किलोमीटर पळण्याइतक्या. भाताची दुसरी वाढ, ताटाशेजारचे फरसाण, रात्री दहाचे जेवण, हिशेब इथून सुरू करावा. मात्र जेवण फार तोडले तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते परत मिळवणे कठीण असते. म्हणून ताटात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांचा वाटा वाढवायचा आणि आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करायचा. आपल्या आखाड्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

वजन उतरवण्यापेक्षा उतरलेले वजन तिथेच ठेवणे कितीतरी अवघड, आणि व्यायामाचे काम मुख्यतः या दुसऱ्या भागात आहे. अमेरिकेत १९९४मध्ये रिना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदवही सुरू केली. जिने किंवा ज्याने किमान १३.६ किलो वजन उतरवले आणि वर्षभर परत येऊ दिले नाही, त्याचेच नाव तीत घेतले जाते. पुढे त्या वहीत हजारो नावे आली. कुणी तेल सोडून, कुणी भात सोडून, कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वजन उतरवण्याच्या वाटा प्रत्येकाच्या निराळ्या. ते टिकवण्याची वाट मात्र बहुतेकांची एकच, रोज सुमारे तासभर व्यायाम. त्या तासात ही मंडळी काय करतात असे विचारले, तेव्हा सर्वांत जास्त जणांनी लिहिलेले उत्तर ‘पळतो’ हे नव्हते. ते होते ‘चालतो’.